फजरचे गरम पाणी आणि दुपारची वीज

वीजबिल हातात आले की आपण सगळे आधी खालचा आकडा बघतो आणि मग घरातल्या कोणाकडे तरी बघतो. पंखा कोणी चालू ठेवला, मोबाइल रात्रभर चार्जिंगला कोणी लावला, अशी चौकशी सुरू होते. पंखा आणि मोबाइल बिचारे निर्दोष असतात. हिवाळ्याच्या बिलातला मोठा वाटेकरी न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला असतो आणि तो आवाजही करत नाही. आज आम्ही त्या गिझरबद्दल आणि त्याला लावलेल्या एका छोट्या टायमर स्विचबद्दल लिहिणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण आमच्या घरात त्याचा संबंध एका वृद्ध माणसाच्या फजरच्या नमाजशी आला, म्हणून तो सविस्तर मांडावासा वाटतो.

आम्ही नाशिक जिल्ह्यात राहतो. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो, घरात अब्बा, अम्मी आणि दोन मुले. आमच्या जिल्ह्यातल्या निफाडची थंडी दरवर्षी वर्तमानपत्रात येते, ती उगाच नाही. जानेवारीत पहाटे नळाला हात लावला की बोटे बधिर होतात. अब्बांचे वय ७८. उभा जन्म एसटीच्या नोकरीत गेला, त्यामुळे पहाटे उठण्याचा त्यांना कंटाळा नाही. साडेचार-पाचला उठून तहज्जुद, मग थोडी तिलावत, मग फजर. पाय साथ देतील त्या दिवशी मशिदीत, नाहीतर घरीच.

घरात पंचवीस लिटरचा गिझर असूनही अब्बा थंड पाण्यानेच वुजू करत. पहाटे कोणाला उठवायचे नाही, हे एक कारण. गिझरचे बटण उंचावर होते आणि खांदा दुखत असल्यामुळे त्यांचा हात तिथपर्यंत जात नसे. दुसरे कारण त्यांच्या तत्त्वाचे होते. एका माणसाच्या लोटाभर पाण्यासाठी पंचवीस लिटर पाणी तापवायचे, हा त्यांच्या लेखी सरळसरळ इस्राफ. आम्ही आग्रह केला की म्हणायचे, "रहने दो बेटा, ठंडे पानी की आदत है हमको."

सवय होती हे खरे, पण शरीर बदलले होते. अब्बांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. थंड पाणी अंगावर पडले की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून हिवाळ्यात कोमट पाणीच वापरा, असे डॉक्टरांनी बजावले होते. अब्बांनी मशिदीत मौलाना साहेबांना तयम्मुमबद्दल विचारले. उत्तर मिळाले की पाणी गरम करण्याची सोय घरात असेल तर तयम्मुमची सवलत लागू होत नाही; पाणी गरम करून घ्या. अब्बा मान हलवून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थंड नळाखाली बसले. बाप आपल्या घरात मुलाकडे गरम पाणी मागायला संकोचतो, ही गोष्ट आम्हा दोघांनाही फार लागली. बिलाच्या भीतीने आणि कोणाची झोप मोडेल या भिडेने तो गप्प राहतो, आणि रोज पहाटे स्वतःला धोक्यात घालतो. यावर बोलून उपाय होणार नव्हता. अब्बांना काही मागावेच लागू नये, अशी व्यवस्था हवी होती.

रात्रभर गिझर चालू ठेवणे हा सोपा उपाय होता, पण झोपण्यापूर्वी सगळ्या खोल्यांतून फेरी मारून बटणे बंद करणे हा अब्बांचा नित्यनेम आहे. आणि ते चूक नव्हते. चालू ठेवलेला गिझर पाणी थोडे निवले की पुन्हा तापवतो, पुन्हा निवते, पुन्हा तापवतो. या गळतीचा आकडा गिझरवरच्या तारांकित लेबलवर छापलेला असतो: पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवले तर २४ तासांत किती युनिट वाया जातात, ते. जितके तारे जास्त, तितकी ही गळती कमी. नवा गिझर घेताना दुकानदार रंग आणि डिझाइन दाखवतो. आपण हा आकडा वाचावा.

याच आकड्याने आम्हाला वाट दाखवली. चांगल्या पंचवीस लिटर गिझरची दिवसाची गळती साधारण अर्धा-पाऊण युनिट असते. आता गणित करू, आठवीच्या वर्गात करतो तसे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. पंचवीस लिटरला २९. हिवाळ्यात १८ अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायचे म्हणजे ४२ अंश चढ. गुणाकार केला तर सव्वा युनिट. दोन किलोवॉटचा गिझर हे काम पाऊण तासाच्या आत करतो. मग गिझर बंद केला आणि बारा तास कोणी पाणी काढले नाही, तर गळतीमुळे ते आठ-दहा अंशांनी उतरते. म्हणजे संध्याकाळी पावणेपाचला ६० अंश असलेले पाणी पहाटे पावणेपाचलाही ५० अंशांच्या आसपास असते. ५० अंशांचे पाणी हातावर घेता येत नाही, त्यात थंड मिसळावे लागते. पंचवीस लिटरमध्ये थंड मिसळत गेले की चाळीस लिटर कोमट पाणी होते.

थोडक्यात, गिझर हा थर्मासच आहे. संध्याकाळी भरून ठेवा, पहाटे ओता.

मग तो दुपारीच का भरायचा? इथे वीजबिलाचा विषय येतो. केंद्र सरकारने २०२३ साली वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार दिवसातले आठ तास सौर तास ठरवायचे आणि त्या वेळी विजेचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा. मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती सोडून बाकीच्यांसाठी १ एप्रिल २०२५ अशा मुदती होत्या. आपल्याकडे महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे १ रुपयापर्यंत सवलत जाहीर केली. दर आदेशागणिक बदलतात, म्हणून आपले ताजे बिल बघूनच हिशेब करावा. साधे मीटर असेल तर ही सवलत मिळत नाही, कारण कोणती वीज कोणत्या वेळी वापरली हे ते सांगू शकत नाही.

रात्री वीज स्वस्त असते, असे अनेकांच्या डोक्यात पक्के बसलेले आहे. ते कुठून आले, हेही सांगण्यासारखे आहे. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रे रात्री बंद करून सकाळी लगेच चालू करता येत नाहीत. लोक झोपलेले असताना वीज उरते. म्हणून ब्रिटनमध्ये १९७८ पासून रात्रीचे सात तास स्वस्त दराची 'इकॉनॉमी सेव्हन' योजना चालत आली. रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी मुस्लिम कुटुंबे तिकडे स्थायिक आहेत. त्यांच्यातल्या जुन्या लोकांना विचारा, रात्री पाण्याची टाकी तापवून सकाळी सगळ्यांनी आंघोळ करायची ही रीत ते सांगतील. फ्रान्समध्ये मीटरशी जोडलेला स्विच स्वस्त वेळ सुरू झाली की गिझर आपोआप लावतो. न्यूझीलंडमध्ये तर वीज कंपनी तारांतूनच इशारा पाठवून घरोघरचे गिझर चालू-बंद करत आली आहे. आपल्याकडेही कारखान्यांना पूर्वी रात्रीच्या वापरावर सवलत होती.

आता वारे फिरले आहे. सौर पॅनेलची वीज दुपारी मुबलक आणि सूर्य मावळला की शून्य. त्यामुळे स्वस्त वेळ रात्रीकडून दुपारकडे सरकली. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०२० पासून भरदुपारच्या तासांना सगळ्यात कमी दर लावला जातो. फ्रान्सनेही नोव्हेंबर २०२५ पासून स्वस्त तासांपैकी काही तास टप्प्याटप्प्याने दुपारी आणायला सुरुवात केली. आपली ९ ते ५ त्याच विचारातून आली आहे.

अडचण एवढीच की दुपारी चार वाजता आम्ही दोघे शाळेत असतो, मुले शिकवणीला, अम्मी आडव्या झालेल्या, आणि बटणापर्यंत अब्बांचा हात पोहोचत नाही. हे काम माणसाच्या आठवणीवर सोडता येत नाही. म्हणून टायमर.

टायमरचे प्रकार तीन. पहिला गोल तबकडीचा: कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या बारीक खुंट्या असतात, हव्या त्या वेळेच्या खुंट्या दाबायच्या. हा सर्वांत स्वस्त आणि समजायला सोपा. पण वीज गेली की तबकडी थांबते, दोन तास वीज नसेल तर घड्याळ दोन तास मागे पडते, आणि दुपारची वेळ संध्याकाळी सहावर जाते. आमच्याकडे वीज जाण्याचे काही नवल नाही, म्हणून आम्ही तो घेतला नाही. दुसरा डिजिटल: आत छोटी बॅटरी असते, वीज गेली तरी वेळ चुकत नाही आणि वारानुसार वेगवेगळ्या वेळा लावता येतात. आम्ही हाच बसवला. तिसरा मोबाइलवरून चालणारा स्मार्ट प्लग: सोयीचा आहे, पण वाय-फाय बंद असताना घरातल्या ज्येष्ठांना तो चालवता येईल का, हे आधी बघावे.

खरेदी करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. दोन किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो आणि तीन किलोवॉटचा १३. त्यामुळे टायमर आणि सॉकेट १६ अँपिअरचेच हवे. दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला गिझर जोडला तर प्लग वितळतो आणि आगही लागू शकते. अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळतीचा करंट पकडून वीज तोडणारा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवावा. त्याचा खर्च टायमरपेक्षा जास्त असला तरी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. बादलीत रॉड टाकून पाणी तापवणाऱ्या घरांनी रॉडला टायमर लावायचा विचारही करू नये. पाणी कमी झाले किंवा लहान मुलाने बादलीत हात घातला, तर काय होईल हे सांगायला नको.

आमच्या टायमरवर पहिली वेळ आहे दुपारी ३.४५ ते ४.४५. दुसरी सकाळी ६.१५ ते ६.४५, शाळेला जाणाऱ्यांच्या आंघोळीसाठी. ही दुसरी वेळ सवलतीत बसत नाही. चार वुजू आणि एक आंघोळ दुपारच्या पाण्यात भागते. पुढच्या आंघोळींना पुन्हा तापवावेच लागते. शुक्रवारी मात्र जुम्याच्या गुस्लसाठी १०.३० ते ११.१५ अशी तिसरी वेळ आहे आणि ती पूर्णपणे स्वस्त तासांत येते.

कुरबूर झाली ती मुलाची. तो खेळून सहाला घरी येतो आणि त्याला गरम पाण्याची आंघोळ हवी असते. गिझरमधून जितके गरम पाणी काढाल तितके थंड पाणी खालून आत शिरते. त्याने दोन बादल्या घेतल्या की दादाजानच्या पहाटेला काही उरत नाही. त्याला रागावण्याऐवजी आम्ही त्याला थर्मामीटर दिला. एका संध्याकाळी कोणी पाणी काढले नाही आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याने आंघोळ केली, दोन्ही पहाटे त्यानेच उठून नळाच्या पाण्याचे तापमान वहीत लिहिले. पहिल्या दिवशी ४९, दुसऱ्या दिवशी २७. त्यानंतर त्याला काही सांगावे लागले नाही. आता खेळून आला की हातपाय धुतो आणि आंघोळ सकाळी करतो.

आता पैशांचे खरे बोलू, कारण या विषयावर फुगवून सांगणारे खूप आहेत. रोजचे सव्वा युनिट दुपारी नेल्यामुळे ८० पैशांच्या हिशेबाने महिन्याला ३० रुपये वाचतात. एवढ्यासाठी कोणी टायमर घेऊ नये. मोठी बचत दुसरीकडे झाली. साधारणपणे पहाटे लावलेला गिझर शेवटचा माणूस घराबाहेर पडेपर्यंत चालू असतो. शेवटची आंघोळ झाल्यावर आत आलेले थंड पाणी तो पुन्हा पूर्ण तापवतो आणि ते कोणीही वापरत नाही. रोजचे हे एक-सव्वा युनिट टायमरने थांबवले. महिन्याला तीस-पस्तीस युनिट. आपल्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच जास्त आणि पुढे आणखी जास्त असतो. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतात. युनिटमागे दहा रुपये धरले तरी तीनशे रुपये. ज्यांच्या घरी अजून साधे मीटर आहे, त्यांनाही ही बचत मिळते, कारण तिचा सवलतीशी संबंध नाही.

काही काळजी घ्यायला हवी. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवावा. फार कमी तापमानात साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. पण एवढे पाणी म्हाताऱ्यांची आणि मुलांची कातडी भाजू शकते, म्हणून बादलीत आधी थंड, मग गरम ही सवय घरात सगळ्यांना लावावी. बोअरचे जड पाणी असेल तर आतल्या कॉइलवर पांढरा थर चढतो आणि वीज जास्त लागते. वर्षातून एकदा साफ करून घ्यावे. दाब सोडणारा व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारू नये, तो आपल्या जिवासाठीच आहे. एक-दोन-तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरला हा उपाय लागू नाही, त्यात साठाच नसतो. आणि बंद न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर टायमर वगैरे बाजूला ठेवून आधी तो बाहेरच्या हवेत हलवावा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसे दगावतात.

येती वर्षे लक्षात घेतली तर हा विषय आणखी जवळचा वाटेल. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आला, २०२८ पर्यंत जानेवारीच्या अखेरीस येईल, आणि २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षे सेहरीची वेळ कडाक्याच्या थंडीची असेल. घराघरांत पहाटे चारपासून गिझर लागतील. मशिदींनीही याचा विचार करावा. अनेक मशिदींत हिवाळ्यात वुजूखान्यासाठी मोठा गिझर असतो आणि मुअज्जिन साहेबांना त्यासाठी अजानच्या तासभर आधी उठावे लागते. टायमर लावला तर त्यांची झोप वाचेल. मशिदीचे मीटर कोणत्या वर्गात आहे आणि त्याला कोणत्या वेळी सवलत आहे, हे कमिटीने बिलावर बघून मग वेळ ठरवावी.

या सगळ्या हिशेबाला एक अट आहे: पाणी बेताने वापरले तरच ते पुरते. नळ सोडून वुजू केली तर एका माणसाला सहज पाच-सहा लिटर लागतात. लोट्याने केली तर दीड लिटरमध्ये होते. आपले प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ पाण्यात गुस्ल करत, हे आपण हदीसमध्ये लहानपणापासून ऐकत आलो. एक मुद्द म्हणजे लिटरभरसुद्धा नाही. अब्बा त्यामुळेच अजून प्लास्टिकचा जुना लोटा सोडत नाहीत. त्यांच्या लोट्यामुळे आमचे गणित जुळते, आमच्या टायमरमुळे त्यांचे पाणी कोमट असते.

बटणे बंद करण्याची त्यांची रात्रीची फेरी चालूच आहे. गिझरचा दिवा बंद दिसतो, त्यांचे समाधान होते. घरात ज्येष्ठ असतील तर या हिवाळ्यापूर्वी एकदा पहाटे त्यांच्या आधी उठून बघा, ते कोणत्या नळाखाली हात धरतात. ते स्वतःहून सांगणार नाहीत.